नगरपंचायतीची स्वतःची पवनचक्की: खरंच परवानगी लागत नाही का?

माळावरचा
नमस्कार मंडळी. मी राहायला कर्वेनगरला, गाव पुणे जिल्ह्यातच, दीड तासावर. नाव सांगत नाही, कारण वडील नगरसेवक आहेत आणि उद्या हा धागा कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरवला की झालं. आमची नगरपंचायत होऊन फार वर्षं झाली नाहीत, उत्पन्न तसं बेताचंच आणि त्यातला मोठा घास नदीवरच्या जॅकवेलचं (पाणी उपसायच्या विहिरीचं) वीजबिल खातंय. मागच्या उन्हाळ्यात थकबाकीमुळं दोन दिवस कनेक्शन तुटलं होतं, ऐन मे महिन्यात बायका हंडे घेऊन थेट नगरपंचायतीच्या दारात, तेव्हापासून सगळ्यांनी धसका घेतलाय.

तर आता एक एजंट आलाय. गावामागं टेकडी आहे, वर देवीचं देऊळ, पलीकडं गायरान, आणि वारा असा की जत्रेत मंडप टिकत नाही. तो म्हणतो तिथं २ मेगावॉटची एक पवनचक्की टाका, गावाची वीज गावाला, बिल शून्य. लायसन्स लागत नाही, पोल्युशनवाल्यांची परवानगी लागत नाही, फक्त सभेचा ठराव द्या, सहा महिन्यांत पाती फिरतात. सोमवारी सभा आहे. बाबांनी मला विचारलं कारण मी इंजिनीयर (सॉफ्टवेअरचा, पण ते त्यांना एकच वाटतं). हे लायसन्स लागत नाही वगैरे खरं आहे का? कुणी असं केलंय का?

सदाशिवपेठी
बिल शून्य म्हणणाऱ्या माणसाला आधी चहा पाजावा आणि मग त्याच्या स्वतःच्या घरचं बिल बघायला मागावं. बाकी तज्ज्ञ सांगतीलच. टेकडीवर सोलर का नको, हा माझा बाळबोध प्रश्न.

खांबावरून_निवृत्त
एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. मी वितरणात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा ओपन अॅक्सेसच्या (दुसरीकडची वीज कंपनीच्या तारांवरून आणायच्या परवानगीच्या) टेबलावर, म्हणून सांगतो.

वीज कायदा २००३ चं कलम ७ बघा. वीजनिर्मिती करायला लायसन्स लागत नाही, हे शंभर टक्के खरं. कलम ९ नं स्वतःच्या वापरासाठी, म्हणजे कॅप्टिव्ह, प्रकल्प कुणीही उभा करू शकतो, त्यात नगरपंचायतही आली. पण लायसन्स लागत नाही ते वीज तयार करायला. ती टेकडीवरून जॅकवेलपर्यंत आणायची म्हटली की सगळं लागतं! वितरण कंपनीच्या तारा वापरायच्या तर ओपन अॅक्सेसचा अर्ज, वहन आकार, दोन्ही टोकांना स्पेशल मीटर, आणि पाती फिरायच्या आधी विद्युत निरीक्षकाची चार्जिंगची परवानगी. ती नसेल तर साधा ट्रान्सफॉर्मर चार्ज करता येत नाही, पवनचक्की लांबच राहिली.

मला दोन आकडे द्या. पंप किती एचपीचे आणि रोज किती तास चालतात. त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

आणि सदाशिवपेठी, प्रश्न बाळबोध नाही.

चाळकेवाडीचा_वारा
मी पाटणकडचा, १४ वर्षं पवनचक्कीच्या साइटवर काढली, आता वाकडला असतो. चाळकेवाडी वनकुसवड्याच्या पठारावर जावा एकदा, रांगेनं उभ्या दिसतील. लोकांना वाटतं वारा लागला म्हणजे पवनचक्की झाली. मंडप उडणं म्हणजे वाऱ्याचं मोजमाप नव्हं दादा. मास्ट, म्हणजे वारा मोजायचा खांब, उभारून निदान वर्षभर डेटा घ्यावा लागतो, त्याशिवाय बँक दारात उभी करत नाही.

आता नियमाचं सांगतो. केंद्राच्या २०१६ च्या गाइडलाइन आहेत, २२ ऑक्टोबर २०१६ च्या. त्यात रस्ता, रेल्वे, इमारत, हाय टेन्शन लाइन यांच्यापासून किती लांब उभी करायची त्याचं सूत्र आहे: हबची (पाती जिथं जोडतात त्या मध्याची) उंची अधिक पात्यांच्या चक्राचा, म्हणजे रोटरचा, अर्धा व्यास अधिक ५ मीटर. २ मेगावॉटचं मशीन धरा, हब १०० मीटरवर आणि रोटर ११० मीटरचा, तर १०० अधिक ५५ अधिक ५, झाले १६० मीटर. एवढ्या अंतरात तुमचं देवीचं देऊळ येतं का बघा, देवळाचा रस्ता येतो का बघा. वस्तीपासून ५०० मीटर, आवाजासाठी. शिवाय सावली, ही लोकांना माहीतच नसते, सकाळी सूर्य पात्यांच्या मागं आला की घरात उजेड-अंधार उजेड-अंधार असं पंख्यासारखं होत राहतं, आमच्याकडं एका म्हातारीनं त्यापायी पूर्वेची खिडकीच बुजवून घेतली होती.

आन् रस्ता! पातं पन्नास-पंचावन्न मीटरचं एक अखंड तुकडं असतं, वाकत न्हाय, घडी होत न्हाय. ट्रेलर वळणावर आला की मागचा माणूस वॉकीटॉकीवर चाकं फिरवतो, पुढचा ड्रायव्हर फक्त सरळ बघतो. आमच्या घाटात एक वळण घ्यायला अख्खी रात्र गेलीय, एका बंगल्याचं गेटाचं खांब पाडून परत बांधून दिलं कंपनीनं. तुमच्या टेकडीला असा रस्ता करायचा म्हणजे टेकडीच कापायची. त्याची परवानगी वेगळी, पैसा वेगळा. एजंट सहा महिने म्हणतोय त्यात हे धरलंय का विचारा.

अजून एक. मशीनचं मॉडेल केंद्राच्या यादीत पाहिजे, आम्ही तिला आरएलएमएम म्हणायचो. सातारा-सांगलीकडं जुनी २२५-२५० किलोवॉटची मशीनं निघायला लागलीत, ती स्वस्तात विकतो म्हणून फिरणारे बरेच आहेत. रंग मारून नवीन दिसतं. यादीत नसलं की ग्रिडला जोडणी अडली, मग ते देवळापुढं शोभेला.

माळावरचा
बापरे, धन्यवाद सगळ्यांना. निवृत्त काका, बाबांना फोन करून विचारलं. १५० एचपीचे दोन पंप, दोन्ही एकदम चालतात, दिवसाला साधारण १६ तास. बिल महिन्याला साडेनऊ लाखांच्या आसपास येतं.

दादा, देऊळ १६० मीटरच्या आत येतंय बहुतेक. गूगल मॅपवर मोजलं तर गाभारा १४० वर. गायरानाच्या पार खालच्या टोकाला सरकवलं तर चालेल, पण तिथून धनगरवस्ती साडेतीनशे मीटरवर आहे.

खांबावरून_निवृत्त
आता बघा. ३०० एचपी म्हणजे साधारण २२४ किलोवॉट. सोळा तासांनी रोजचे ३,५०० च्या वर युनिट, महिन्याचे एक लाख सात हजार धरा, वर्षाचे तेरा लाखांच्या आसपास.

२ मेगावॉटची पवनचक्की २५ टक्के क्षमतेनं चालली (चांगल्या जागी तेवढी चालते) तर वर्षाला ४३ लाख ८० हजार युनिट. म्हणजे गावाच्या गरजेच्या तिपटीहून जास्त. एजंट हे सांगताना म्हणेल उरलेली विकू. थांबा. वीज नियम २००५ मधला नियम ३ काढून वाचा. कॅप्टिव्ह म्हणवून घ्यायला दोन अटी: वापरणाऱ्याची मालकी किमान २६ टक्के, आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वापर त्याचाच. मालकी तुमची शंभर टक्के, तिथं पास. वापर तेरा भागिले त्रेचाळीस पॉइंट आठ, तीस टक्क्यांच्या आत. नापास. आणि नापास झालं की कॅप्टिव्हला जी क्रॉस सबसिडी अधिभाराची (बाहेरून वीज आणणाऱ्यावर बसणाऱ्या जादा आकाराची) माफी आहे ती गेली, मग युनिटमागं बचत कुठं राहते ते कागद घेऊन बसा. म्हणजे मशीन मोठं घेतलं म्हणून तोटा, असा उलटा हिशोब आहे.

मी टेबलावर असताना एका सूतगिरणीचं नेमकं हेच झालं होतं. वर्ष संपल्यावर हिशोब केला, ४६ टक्के. पाच टक्क्यांसाठी वर्षभराचा अधिभार. चेअरमन आमच्या केबिनमध्ये आले आणि काही बोललेच नाहीत, नुसते बसून राहिले.

सदाशिवपेठी
मग रस्त्यावरचे दिवे, शाळा, ऑफिस सगळं त्यात धरा की. वापर वाढेल.

खांबावरून_निवृत्त
वाढवून वाढवून किती वाढेल हो? छोट्या गावाचे एलईडी दिवे म्हणजे पंपापुढं काडेपेटी. पूर्वी तर ओपन अॅक्सेसला एक मेगावॉटची अट होती. केंद्राच्या २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी ती १०० किलोवॉटवर आणली आणि नंतर एकाच विभागातली अनेक कनेक्शनं मिळून शंभर झाली तरी चालतील असं केलं, त्यामुळं दिवे जोडता येतात हे खरं. पण तेरा लाखांचे बावीस-तेवीस लाख व्हायला हवेत. गावात तेवढं काही नाही.

अॅडव्होकेट_हवेली
मी कोर्टात जमिनीचीच कामं जास्त करतो म्हणून त्याच बाजूनं लिहितो, विजेचं वरचे काका सांगताहेत ते बरोबर आहे.

पहिला प्रश्न मी विचारला असता तो कुणीच विचारला नाही: टेकडीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? गायरान म्हटलं की लोकांना वाटतं गावाचं. जमीन सरकारची असते, गावाकडं ती गुरं चारायला आणि सार्वजनिक वापराला दिलेली असते. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंगच्या निकालात गावाच्या सामायिक जमिनींबद्दल कडक लिहिलं, त्यानंतर गायरान दुसऱ्या कामाला द्यायचं म्हटलं की महसूलचा अधिकारी दहादा विचार करतो. नगरपंचायतीच्या ठरावानं गायरान मिळत नाही, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो. आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात देवस्थान इनाम किंवा वर्ग दोन (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन) असं काही दिसलं तर सोमवारची सभा विसरा.

खाजगी शेतजमीन घ्यायची म्हटली तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, उद्योगासाठी त्यातून वाट आहे पण ती अटींची. मग महसूल संहिता १९६६ खाली अकृषिक वापर. भाडेपट्टा करणार असाल तर तो रजिस्टर करा, शंभराच्या स्टॅम्पवर २५-३० वर्षांचा करार करून घेतलेले शेतकरी माझ्याकडं येतात, त्यात भाडेवाढीचं कलमच नसतं.

लाइनचं पण बघा. टेकडीवरून सबस्टेशनपर्यंत ३३ केव्हीची लाइन दुसऱ्यांच्या शेतातून जाणार. टॉवरच्या जागेला ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला १५ टक्के मोबदल्याची जी २०१५ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं होती (२०२४ मध्ये केंद्रानं नवी काढली), ती ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाइनसाठी होती. म्हणजे ३३ ला शेतकऱ्यानं ते कागद दाखवून उपयोग नाही, तिथं वाटाघाटी किंवा जिल्हाधिकारी. भांडणं सगळी इथंच होतात, पवनचक्कीपाशी नाही. खांब बांधावर घ्यायचा ठरतो आणि पडतो उसात.

बाकी नगरपंचायत म्हणजे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखाली आलात. नुसता ठराव म्हणजे काम सुरू असं नसतं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधी कुठून, मग ई-टेंडर. एजंटला थेट ऑर्डर दिली तर उद्या ऑडिटचा आक्षेप वडिलांच्याच नावानं निघेल. हे मात्र त्यांना आजच सांगा.

रानजाई
थोडं वेगळं. एजंट पोल्युशनची परवानगी लागत नाही म्हणाला, तेही तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही आणि २०१६ पासून ती व्हाइट कॅटेगरीत, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या वर्गात, आहे, मंडळाला नुसतं कळवायचं. पण याचा अर्थ जंगलवाले पण सोडतील असा नाही. आपल्याकडच्या माळटेकड्या बघायला उजाड, आणि कागदावर कितीतरी ठिकाणी वन निघतात, कधी राखीव, कधी १९७५ च्या कायद्यानं संपादित खाजगी वन. तसं असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानं केंद्राची मंजुरी, बदली झाडं लावायचे पैसे, सगळं आलं.

गाव बारामती-सुप्याकडं असेल तर मयूरेश्वर अभयारण्य किती लांब आहे ते पण मोजा, चिंकारा कुंपण बघून थोडीच फिरतात. आणि लाइन आंबेगाव-जुन्नरच्या अनुसूचित भागातल्या गावांतून जाणार असेल तर पेसाची, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याची, ग्रामसभा.

भीमाशंकरजवळचा पवनऊर्जा प्रकल्प आठवतो का कुणाला? गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात त्यावर लिहिलंय. तिथं खरं नुकसान पात्यांनी नाही केलं, रस्त्यांनी केलं, डोंगरउतार कापले आणि पावसात माती खालच्या शेतांत आली. वरच्या दादांनी टेकडीच कापायची म्हटलं तेव्हा मला तेच आठवलं. मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही, उलट पाहिजेच. पण तुमच्या टेकडीवर वारा जेवढा आहे तेवढंच गवत पण आहे, आणि धनगरवस्ती साडेतीनशे मीटरवर आहे ती काही उगाच नाही. त्यांना कुणी विचारलंय का?

माळावरचा
ताई, नाही विचारलं. खरं सांगतो, माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं.

चाळकेवाडीचा_वारा
अजून एक राहिलं, उंचीचं. पात्याचं टोक १५५ मीटर, त्यात टेकडीची उंची, विमानवाले समुद्रसपाटीपासून मोजतात. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यांचं ना-हरकत लागतं, आता पुरंदरच्या विमानतळाचं पण चाललंय, तिकडच्या अंगाला असाल तर आधीच चौकशी करा. नारायणगाव खोडदकडं असाल तर जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी आहेत, त्यांच्या आसपास रेडिओ गोंगाट करणारं काही येऊ देत नाहीत, त्यासाठी त्या दुर्बिणी चालवणाऱ्या, विद्यापीठातल्या एनसीआरए संस्थेला गाठायचं. आमच्याकडं डोंगरात हे काही नव्हतं, पुण्याजवळ सगळंच दाटीचं.

सदाशिवपेठी
सारांश: लायसन्स सोडून सगळं लागतं.

खांबावरून_निवृत्त
नाही, आणि मी त्या पोराचा उत्साह मोडायला बसलेलो नाही. लहान मशीन असेल तर गणित जुळतं ते दाखवतो. २५० किलोवॉट धरा. वर्षाचे साडेपाच लाख युनिट. जोराच्या महिन्यात अर्ध्या क्षमतेनं चाललं तरी ९० हजार, तुमचे पंप एक लाख सात हजार खातात, म्हणजे सगळी वीज तिथल्या तिथं जिरते, ५१ टक्क्यांची काळजीच नाही.

हे जिरणं का महत्त्वाचं, तर बँकिंग, म्हणजे जादा वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर वापरणं. आपल्याकडं वारा जून ते सप्टेंबर, वर्षाच्या निम्म्याहून जास्त युनिट त्या चार महिन्यांत. पूर्वी वीज नियामक आयोगाच्या नियमात वर्षभराचं बँकिंग होतं, जुलैत जमा केलेलं मार्चमध्ये काढा. २०१९ च्या दुरुस्तीनं ते महिन्यावर आलं. त्या महिन्याचं त्या महिन्यात. केंद्राच्या २०२२ च्या नियमात महिन्याच्या वापराच्या किमान ३० टक्के साठवू द्या असं आहे, तुमच्या बाबतीत बत्तीस हजार युनिट. २ मेगावॉटचं मशीन पावसाळ्यात महिन्याला साडेपाच लाख काढणार. उरलेल्याचं काय? लॅप्स, फार तर त्यावर आरईसी (हरित विजेचं विकता येणारं प्रमाणपत्र). आणि मे महिन्यात, जेव्हा तुमच्याकडं हंडे घेऊन लोक येतात, तेव्हा टेकडीवरचं पातं जेमतेम हलत असतं. एजंटच्या कागदावर वर्षाची सरासरी असणार, महिन्याचे आकडे मागा.

त्यामुळं सदाशिवपेठींचा पहिला प्रश्न. जॅकवेलच्या आवारात जागा असेल तर तिथंच सोलर, मीटरच्या आतल्या बाजूला, ना लाइन ना गायरान. पंप दिवसा जास्त चालवायचे, टाकी भरून ठेवायची. पाण्याची टाकी हीच तुमची बॅटरी. आणि पावसाळ्यात ढगांमुळं सोलर पडतं तेव्हा वाऱ्याची वीज हवी असेल तर ग्रुप कॅप्टिव्हमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून मालकी घेतलेल्या प्रकल्पात, भागीदारीचा रस्ता आहे, साताऱ्यात चालू असलेल्या पवनचक्कीतून.

अॅडव्होकेट_हवेली
काका, ग्रुप कॅप्टिव्ह म्हणजे नगरपंचायतीनं खाजगी कंपनीचे शेअर घ्यायचे. ती फाइल मंत्रालयात जाईल आणि बहुतेक तिथंच नांदेल. सोलरचं बरं आहे.

माळावरचा
अपडेट देतो. शनिवारी गावी गेलो. तलाठ्याकडून सातबारा काढला, टेकडीचा अर्धा गट गायरान आणि वरचा भाग, जिथं एजंट खूण करून गेला होता, तिथं महाराष्ट्र शासन वन विभाग. बाबा ४० वर्षं त्या गावात राहतात, त्यांना माहीत नव्हतं! एजंटला फोन लावून महिन्यामहिन्याचे आकडे मागितले तर म्हणाला पीडीएफ पाठवतो, अजून आली नाही. ५१ टक्क्यांचं विचारलं तर म्हणाला ते सीए बघतात.

धनगरवस्तीवर पण जाऊन आलो. एक आजोबा म्हणाले, टेकडीवर काय बी उभं करा पण आमची वाट मोडू नका, चैत्रात मेंढरं तिकडूनच खाली येतात. नकाशावर ती वाट दिसतच नाही.

सोमवारच्या सभेत बाबा विषय तहकूब करायला सांगणार आहेत आणि त्याऐवजी औंधला महाऊर्जाच्या (राज्याच्या अपारंपरिक ऊर्जेच्या सरकारी संस्थेच्या) ऑफिसला पत्र द्यायचं ठरलंय, जॅकवेलच्या आवारातल्या सोलरसाठी. निवृत्त काका, एक शेवटचं. पंप कुठल्या वेळेला किती युनिट खातात ते कळायला वेगळा अर्ज करायचा का? क्लार्क म्हणतो तशी माहिती नसते.

खांबावरून_निवृत्त
असते. एचटी (उच्च दाबाच्या कनेक्शनच्या) बिलावर टीओडीचा, म्हणजे टाइम ऑफ डेचा, तक्ता असतो, वेळेप्रमाणे युनिट छापलेले. दर महिन्याला येतो. क्लार्कला म्हणावं रक्कम बघून झाली की त्याच्या खालचं पण वाचत जा. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि फोटो इथं टाका, ग्राहक क्रमांक झाकून.